नीटनंतरचे रिकामे आठवडे

नीटचा निकाल आणि कॉलेजचा पहिला दिवस यांच्यामध्ये काही आठवडे मोकळे मिळतात. हौशी पालक तेवढ्यात शरीररचनाशास्त्राचा जाडजूड ग्रंथ आणून ठेवतात. त्याची घाई नसते. तो कॉलेजात शिकवतातच. त्याऐवजी जिथे शिकायला जायचे, तिथल्या रुग्णांची बोली थोडी शिकून घ्यावी.

उदाहरणार्थ, नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2020 मध्ये सुरू झाले. जिल्ह्यात दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी. धडगावकडची आजी पावरी बोलते, नवापूरची मावची, तर सपाटीवरचा शेतकरी अहिराणी. पुण्या-मुंबईकडून आलेल्या विद्यार्थ्याची प्रमाण मराठी इथे अडखळते. ‘कुठे दुखतं?’, ‘कधीपासून?’, ‘जेवलात का?’ एवढे प्रश्न त्या त्या बोलीत विचारता आले, तरी माणूस मोकळा होतो. एमबीबीएसला पहिल्याच वर्षी कुटुंब दत्तक उपक्रमासाठी गावात जावे लागते, तेव्हा याचा उपयोग कळतो.

ऐकून घेणे हे त्याहून अवघड. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांना हाडा-सांध्यांत अचानक असह्य कळा येतात, वरून मात्र काही दिसत नाही. ‘नाटक करतोय’ असे वाटण्याचा धोका तिथेच असतो.

स्वयंपाक, कपडे, महिन्याचा हिशेब हे घरी शिकून यावे, एवढेच.

प्रथमोपचार मात्र हाताने करून पाहावेत. 2019 पासूनच्या पायाभूत अभ्यासक्रमात ते आहेत, पण आधी सराव झाला तर उत्तम. सीपीआर देताना प्रौढाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान 5 सेंटिमीटर खोल द्यायचे असतात. पुतळ्यावर दोन मिनिटांतच भल्याभल्यांचे दंड भरून येतात.