लाडू अमेरिकेला गेले, चालणे मागे राहिले

आपल्या बेटावरील पुष्कळ घरांतील मुली आता लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त दूर देशी राहतात. त्यांतली एखादी बाळंत झाली की इकडे आईची झोप उडते. कोण तिला न्हाऊ घालील, कोण शेक देईल, कोण लाडू वळील? आमच्या पुतणीच्या बाबतीत तसेच झाले. मुलगी व्हाक्वाची, दिलेली पुण्याच्या घरात, आणि संसार अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन गावी. बाळंतपणाला तिची आई इकडून गेली, सासूबाई पुण्याहून आल्या. पुढे काही महिन्यांनी आम्हीही दोन महिने तिथे राहून आलो. तेव्हा जे पाहिले आणि डॉक्टरमंडळींकडून जे समजून घेतले, ते येथे सांगत आहोत.

एडिसनला लागून ओक ट्री रोड नावाचा रस्ता आहे. दुतर्फा आपल्या लोकांची दुकाने. डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, काय हवे ते मिळते. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात दोन मोठे डबे भरून डिंकाचे लाडू केले, तिसरा डबा अळिवाच्या लाडवांचा. सकाळी दुधाबरोबर दोन, दुपारी चहाबरोबर एक. वर तूपभात, खीर, शिरा. “अगं, बाळंतिणीने खाल्ले नाही तर बाळाला दूध कुठून येणार?” हे त्यांचे म्हणणे. त्यात माया होती आणि बरेचसे तथ्यही होते.

पण हिशेब पाहा. तूप, गूळ, खोबरे घातलेला चाळीस ग्रॅमचा एक लाडू म्हणजे साधारण दोनशे कॅलरी. अमेरिकेतील सरकारी आरोग्यखाते सांगते की अंगावर पाजणाऱ्या आईला रोज ३३० ते ४०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन लाडवांतच जास्तीचे सगळे आले. तिसरा लाडू, खीर आणि शिरा कमरेवर बसणार हे उघड आहे.

मग आपल्या आज्या-पणज्या हेच लाडू खाऊन सडपातळ कशा राहत? एक तर त्यांना असे डबे भरून लाडू क्वचितच मिळत. आणि सव्वा महिना संपला की त्या घरात बसत नसत. कोकणातून आलेल्या आपल्या बायका बाळाला सावलीत निजवून उसाच्या मळ्यात कामाला जात. पाणी आणायचे, लाकूडफाटा आणायचा, दळण-कांडण करायचे. हे कष्ट कोणावर पुन्हा येऊ नयेत. पण लाडू त्या कष्टांच्या मापाचा होता, हे विसरून चालणार नाही. एडिसनमध्ये घराच्या दारात मोटार, मोटारीतून दुकान, दुकानातून घर. लाडू समुद्र ओलांडून गेले, चालणे तेवढे मागे राहिले.

आमच्या पुतणीचे वजन गर्भारपणात सोळा किलो वाढले होते. हे काही फार नव्हे. ज्या बाईचे वजन मुळात उंचीला योग्य आहे तिने साडेअकरा ते सोळा किलोपर्यंत वाढावे, असे तिकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली ठरवले आहे. बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो बाळंत होताच कमी होतात. अंगावरचे पाणी पहिल्या एक-दोन आठवड्यांत उतरते. गर्भाशय आकसून मूळच्या मापावर यायला सुमारे सहा आठवडे लागतात. उरते ती चरबी. ती शरीराने दुधासाठीच साठवलेली असते, आणि तिला जायला वेळ द्यावा लागतो.

वेळ हीच तर तिथे महाग वस्तू. भारतात २०१७ पासून कायद्याने अनेक नोकरदार स्त्रियांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने मिळतात १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि तेही पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी वर्षभर नोकरी झाली असेल तर. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी स्वतःची पगारी मदत सुरू केली आहे, न्यू जर्सीने ती २००९ पासून दिली. तरीही आमची पुतणी तेराव्या आठवड्यात कचेरीत हजर झाली. तोवर आई परतली होती. जुने कपडे अंगात जाईनात. सात किलो अजून शिल्लक होते.

तेव्हा पोरीने जे केले ते बहुतेक मुली करतात. रात्रीचे जेवण सोडले, सकाळी नुसती काळी कॉफी. तीन आठवड्यांत डोके दुखू लागले, दूध आटले, आणि बाळाचे वजन हवे तसे वाढेना. सासूबाई म्हणाल्या, “मी सांगत होते!” आणि लाडवांचा डबा पुन्हा पुढे आला. आम्ही पोचलो तेव्हा घरात हा असा तह न झालेला सामना चालू होता.

यावर उत्तर मधले आहे, आणि ते अभ्यासून पाहिलेले आहे. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलिनात चाळीस वजनदार पाजत्या आयांवर झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. चौथ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत अर्ध्या बायकांनी थोडे कमी खाऊन आणि व्यायाम करून आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरवले. त्यांच्या बाळांची वाढ इतर बाळांइतकीच झाली. तेव्हा आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नको. उपाशी तर मुळीच राहू नये.

पुतणीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला व्यायामशाळेत पाठवले नाही. तिने फक्त विचारले, “जेवणानंतर दहा मिनिटे बाळाला बाबागाडीत घालून फिरवशील का?” दिवसातून तीनदा दहा मिनिटे म्हणजे अर्धा तास. आठवड्यातून पाच दिवस म्हणजे १५० मिनिटे. तिकडच्या प्रसूतितज्ज्ञांची संस्था बाळंतिणीला हेच माप सांगते. साधे बाळंतपण असेल तर काही दिवसांतच हळूहळू चालायला हरकत नसते. सिझेरियन झाले असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पुतणी सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे चालू लागली. बाळही गाडीत झोपी जाऊ लागले, म्हणजे एका कामात दोन कामे.

थंडीचे काय, असे आम्हीही विचारले. जानेवारीत तिथे पायवाटेवर बर्फ असते. पण अमेरिकन म्हाताऱ्यांनी यावर युक्ती काढली आहे. ते मॉलमध्ये जाऊन चालतात. सपाट जमीन, ऊब, बसायला बाके, स्वच्छतागृह जवळ. सरकारी आरोग्यखात्याने २०१५ साली या मॉलमधल्या चालण्यावर एक पुस्तिकाच काढली. एडिसनमध्ये मेन्लो पार्क नावाचा मॉल आहे. तिथे आम्ही बाबागाडी ढकलत फिरलो. खरेदीचा मोह टाळायचा असेल तर पैशांची पिशवी घरी ठेवावी!

पोट बांधण्याविषयी सासूबाईंचा फार आग्रह होता. पट्ट्याने पाठीला आधार मिळतो, बरे वाटते, हे खरे. पण पट्टा चरबी वितळवत नाही. पोटाचे स्नायू गर्भारपणात मधोमध फाकलेले असतात. ते जवळ येण्यासाठी उताणे निजून, श्वास सोडत बेंबी आत ओढायची आणि पाच अंक मोजायचे. तसेच लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळून सोडायचे. हे बाळाला पाजत बसल्या बसल्याही होते, कोणाला कळतसुद्धा नाही. पोटावर जोर येईल असे उठाबशांचे प्रकार मात्र सुरुवातीला टाळावेत.

जेवणात फार उलथापालथ करावी लागली नाही. लाडू बंद केले नाहीत, फक्त लिंबाएवढे लहान वळले आणि दिवसाला एक ठरवला. अळिवात लोह असते, डिंकाच्या लाडवात सुकामेवा असतो. त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. ताटात आधी भाजी आणि डाळ, मग अंडे किंवा मासा, आणि भात शेवटी, तोही एक वाटी. पुतणीने आईची आठवण काढून मॉरिशसची ब्रेद करायला घेतली. तिथल्या पालकाची करावी लागली, पण चव जमली. फळांचा रस आणि गोड चहा यांच्या जागी पाणी आणि ताक आले. पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा. आणि ओट्याशी उभ्या उभ्या खायचे नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण गेली, असे तिने स्वतः कबूल केले.

झोपेबद्दल मात्र घरातल्या पुरुषांनी कान उघडून वाचावे. बॉस्टनच्या परिसरात शेकडो आयांवर झालेल्या एका पाहणीत (२००८) असे दिसले की बाळ सहा महिन्यांचे असताना ज्या आया पाच तास किंवा कमी झोपत, त्यांच्या अंगावर वर्षाअखेर पाच किलो किंवा अधिक वजन शिल्लक राहण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्या आयांच्या सुमारे तिप्पट होती. म्हणजे रात्री एकदा उठून बाळाचे लंगोट बदलणारा नवरा बायकोचे वजन उतरवायला मदत करीत असतो. आमच्या जावईबापूंनी रात्री दोनची पाळी घेतली. सासूबाईंना ते आवडले नाही, पण त्या गप्प बसल्या.

कपडे घट्ट होतात एवढ्यावर हा विषय संपत नाही. पुतणीला गर्भारपणात मधुमेह निघाला होता. बाळंत झाल्यावर साखर उतरली आणि सगळे विसरले. चार ते बारा आठवड्यांच्या आत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची असते. कामाच्या धांदलीत ती राहून गेली. उशिरा केली तेव्हा साखर काठावर निघाली.

आपल्या रक्ताच्या माणसांनी इथे जास्त सावध राहायला हवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण जास्त असते, असे त्यांना आढळले. म्हणून बारीक दिसणाऱ्या मराठी माणसालाही मधुमेह होतो. अमेरिकेतील मधुमेह संघटनेनेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीचे माप इतरांपेक्षा खाली आणले आहे. आणि आपल्या मॉरिशसचे नाव तर १९८७ च्या मोठ्या पाहणीपासून या रोगासाठी जगभर घेतले जाते. वाचकांपैकी कोणाच्या घरी मधुमेह नाही, हे आम्हाला शोधावे लागेल.

चांगली बातमीही तिथूनच आली. २००२ साली अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. साखर काठावर असलेल्या लोकांनी आठवड्याला १५० मिनिटे चालून आणि वजन सुमारे सात टक्के उतरवून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी केला. गर्भारपणात मधुमेह होऊन गेलेल्या बायकांमध्येही तो जवळपास निम्मा झाला. सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाच किलोसुद्धा नाहीत.

एडिसनहून फिलाडेल्फिया मोटारीने फार लांब नाही. आम्ही एके दिवशी तिथे गेलो, कारण याच शहरात आनंदीबाई जोशी १८८३ साली शिकायला आल्या होत्या. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेले. १८८६ साली त्या तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधाला विषय घेतला होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या बायकांचे बाळंतपण अमेरिकेतील डॉक्टरांपुढे मांडणारी ती वीस वर्षांची मराठी मुलगी, आणि तिथून थोड्या अंतरावर शतकाहून अधिक काळाने लाडवांवरून चाललेला आमच्या घरातला वाद. पुतणीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. वजन घटवण्याचे चहा, पुड्या आणि हल्ली गाजणारी इंजेक्शने यांना पाजत्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बाळंतपणानंतर वजन अचानक घटले किंवा वाढले आणि छाती धडधडते, फार थकवा येतो, तर थायरॉईड तपासून घ्यावा. जोराची डोकेदुखी, धाप, एका पायाला सूज, ताप किंवा जास्त रक्तस्राव असेल तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. आणि मुलगी सारखी रडत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही म्हणत असेल, तर वजनाची गोष्ट बाजूला ठेवून आधी तिला डॉक्टरांकडे न्यावे.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला फोन झाला तेव्हा पुतणीचे दोन किलो अजून शिल्लक होते. साखर पुन्हा तपासली, ती ठीक निघाली. पुढच्या तपासणीची तारीख तिने फ्रिजवर चिकटवली आहे. सासूबाई पुण्याला परतल्या आहेत. तिथून त्यांनी लाडवांचे पार्सल पाठवले, त्यात लाडू लिंबाएवढेच होते. मात्र संख्येने साठ.