फाइलचा पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत चंदीगडला, सेक्टर ३२ मधल्या घरी, मी परेडचे फोटो तारखेनुसार लावणारा पायथन प्रोग्राम लिहिला. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेत त्याला एकही फोटो सापडेना. चूक माझीच: घरच्या संगणकावरचा पूर्ण मार्ग मी त्यात लिहून ठेवला होता. 'चंदीगड, सेक्टर ३२, घर क्रमांक अमुक' हा पूर्ण पत्ता. 'डावीकडे तिसरे घर' हा सापेक्ष, आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरणारा. सरांनी प्रोग्रामच्या फाइलपासूनच मार्ग मोजायला सांगितले. तुकडे 'ओएस.पाथ.जॉइन'ने जोडले. घरी विंडोज, शाळेत लिनक्स; तिरकी रेघ उलटी की सुलटी, ते हे फंक्शनच बघते. तरी अडलेच! फोल्डरच्या नावाआधी मी सवयीने रेघ दिली होती, आणि तशी रेघ दिसली की जॉइन आधीचा सगळा मार्ग टाकून देते. रेघ खोडली. फोटो आले, तेव्हा लाइट्स आउटला दहा मिनिटे होती.