टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर गावचे इंटरनेट

पर्वत पाटियात मोबाईलची रेंज सहज मिळते. पण सुट्टीत धुळे, नंदुरबारकडच्या एखाद्या लहान गावी गेलो की ती शोधत फिरावे लागते. आज शिष्यवृत्तीचा अर्ज आणि सातबारा उतारासुद्धा ऑनलाईन झाला आहे. गावात नेट नसेल, तर त्यासाठी तालुक्याला खेप घालावी लागते आणि घरच्या माणसाची मजुरी बुडते.

याचे कारण काय? इंटरनेट दूरवर नेण्याचे मुख्य साधन म्हणजे जमिनीखालची ऑप्टिकल फायबर केबल. तिथून प्रत्येक पाड्यापर्यंत खोदकाम करणे खर्चाचे, आणि डोंगर-जंगलात अवघडही. ग्राहक थोडे असल्यामुळे कंपनीला तो खर्च परवडत नाही.

या मधल्या टप्प्यावर मुंबईच्या आयआयटीत प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन केले. त्यासाठी त्यांनी निवडला पालघर परिसर. सुरतहून मुंबईला जाताना आपल्या गाडीच्या वाटेवरच पालघर स्टेशन लागते. प्रयोगाला प्रारंभी सात गावे होती, पुढे ती पंचवीस झाली. प्रकल्पाचे नाव ‘ग्राममार्ग’.

कल्पना साधी होती. टीव्ही प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा राखलेला होता. त्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनल बसतात. आपल्याकडे अँटेनावर दिसणारे चॅनल फक्त दूरदर्शनचे, त्यामुळे पट्टा बराचसा रिकामाच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात जवळजवळ सर्वत्र १५ पैकी निदान १२ चॅनल मोकळे आढळले. या रिकाम्या जागेतून इंटरनेट गावापर्यंत न्यायचे आणि गावात वायफायने वाटायचे, अशी ही योजना.

याच लहरी का? नेहमीच्या वायफायच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर या लहरीची सुमारे साठ. लांब लहर झाडाझुडपांतून कमी क्षीण होत पुढे जाते, म्हणून कमी शक्तीत काही किलोमीटर पोचते. पुढे काही गावे ५ गिगाहर्ट्झच्या वायफायनेही जोडली गेली. २०१७ मध्ये ‘ग्राममार्ग’ला मोझिला संस्थेच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तारेतला संदेश तारेतच राहतो, हवेतला मात्र आसपासच्या कोणालाही पकडता येतो. म्हणून त्याला सांकेतिक कुलूप लावतात. वायफायच्या अशा एका कुलपातली त्रुटी २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवून दिली, तेव्हा जगभर दुरुस्ती करावी लागली. तेव्हा घरच्या वायफायला चांगला पासवर्ड ठेवावा, फोन वेळोवेळी अपडेट करावा आणि सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

मित्रांनो, नवे शोध नेहमी महागड्या वस्तूंतूनच लागतात असे नाही. जे रिकामे पडले आहे, ते कोणाच्या उपयोगी येईल, हा प्रश्नही मोठे संशोधन घडवतो.