मानवी शरीराचे अध्ययन : विच्छेदन आणि सूक्ष्मदर्शन

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश केलेल्या विद्यार्थ्यास रोगांची ओळख होण्यापूर्वी निरोगी शरीराची ओळख करून घ्यावी लागते. कोणता अवयव कोठे आहे व त्याचा इतर अवयवांशी संबंध काय, हे शरीररचनाशास्त्र सांगते. एकाच प्रकारचे कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊतक म्हणतात. अवयव कोणत्या ऊतकांचे बनलेले आहेत, हे ऊतकशास्त्र सांगते. पहिल्याचे साधन विच्छेदनाचे शस्त्र, तर दुसऱ्याचे सूक्ष्मदर्शक यंत्र. साधने भिन्न असली, तरी दोहोंचा नियम एकच आहे : केवळ ऐकलेल्यावर विसंबू नये, स्वतः पाहावे.

या नियमाची जाणीव आपल्याकडे फार प्राचीन आहे. मृत शरीर गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा, अशी पद्धत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. पुढे ही प्रथा मागे पडली. युरोपात दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्याचे ग्रंथ तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. त्याने विच्छेदन केले ते मुख्यतः माकडांचे व इतर प्राण्यांचे. त्यामुळे माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे त्याने लिहिले. पादुआ येथे शिकविणाऱ्या व्हेसेलियसने मानवी शरीरे स्वतः तपासली आणि तो जबडा एकाच हाडाचा असल्याचे दाखविले. त्याचा सचित्र महाग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये स्थापन झाले. तेथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये, शवस्पर्श निषिद्ध मानणाऱ्या समाजाचा रोष पत्करून, आपल्या विद्यार्थ्यांसह विच्छेदन केले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले.

विच्छेदनगृहातील शव फॉर्मॅलीनसारख्या द्रव्यांच्या साहाय्याने टिकविलेले असते. विद्यार्थी प्रथम त्वचा, मग मेद, स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असा थराथराने आत जातो. छापील चित्रात रोहिणी तांबडी व नीला निळी असते. प्रत्यक्षात असे रंग नसतात. रोहिणीची भिंत जाड आणि नीलेची पातळ, हे बोटांनाच प्रथम कळते. शिवाय चित्र एका शरीराचे असते, शरीरे मात्र अनेक असतात. दंडातील मुख्य रोहिणी सामान्यतः कोपराजवळ दुभंगते. काहींमध्ये ती बरीच वरच दुभंगते व तिची एक शाखा त्वचेच्या अगदी खालून जाते. ही शाखा नीला समजून कोणी तिच्यात औषध टोचले, तर हातास गंभीर इजा होऊ शकते.

ऊतकांची कल्पना फ्रेंच वैद्य बिशा याने मांडली. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. अवयव शिजवून, वाळवून, आम्लात ठेवून त्याने ऊतकांचे २१ प्रकार सांगितले आणि १८०२ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. आज मुख्य प्रकार चारच मानतात : अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता ऊतक.

ऊतकाचा तुकडा मेणात बसवून त्याचे सुमारे पाच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ छेद घेतात. हे छेद जवळजवळ पारदर्शक असल्याने रंगवावे लागतात. एका झाडाच्या गाभ्यापासून मिळणाऱ्या हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिनने इतर भाग गुलाबी होतो. नवशिक्यास येथे एक अडचण येते. काकडी आडवी कापली तर चकती गोल दिसते, तिरपी कापली तर लांबट दिसते. नलिकांचेही तसेच आहे. सपाट छेदावरून मूळची घनाकृती मनात उभी करणे, हेच या विषयातील खरे कौशल्य होय.

दोन्ही अध्ययने अखेर एकत्र येतात. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भिंत हाताला जाड व चिवट लागते; सूक्ष्मदर्शकाखाली तीत लवचिक पटलांचे थरावर थर दिसतात. हृदयाच्या ठोक्यासरशी ही भिंत ताणली जाते व लगेच आकुंचन पावते. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त वाहत राहते. वयपरत्वे तिची लवचिकता कमी झाली की रक्तदाब का वाढतो, हेही त्यावरून उमजते.

आज संगणकावर शरीराच्या उत्तम प्रतिकृती पाहावयास मिळतात व त्यांचा उपयोगही मोठा आहे. परंतु प्रत्येक शरीराचे वेगळेपण प्रत्यक्ष शरीरच दाखविते. बेवारस शवे अध्ययनास मिळावीत, यासाठी मुंबई राज्यात १९४९ मध्ये कायदा झाला. त्याहून मोलाचे ते स्वेच्छेने केलेले देहदान. दाता विद्यार्थ्यास ओळखत नाही आणि पुढे ज्या रुग्णांस या ज्ञानाचा लाभ होईल, तेही त्यास अज्ञातच राहतात. म्हणून विच्छेदनगृहातील शवास विद्यार्थ्याने आपला पहिला गुरू मानावे आणि त्याच्याशी त्याच आदराने वागावे, हे सर्वथैव उचित होय.