दहावीची परीक्षा आणि आपले एका खोलीचे घर

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या वस्तीत तीन आवाज एकत्र येतात. लग्नाचा बँड, ७ तारखेच्या माता रमाई जयंतीचा लाउडस्पीकर आणि दहावीच्या मुलांचे मोठमोठ्याने पाठांतर. पहिले दोन आवाज तिसऱ्याला कधी गिळून टाकतात ते कळतही नाही. आणि बोर्डाची परीक्षा तर तोंडावर आलेली असते. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती.

आपल्यातले बहुतेक आईबाप म्हणतात, "आम्ही अडाणी, आम्हाला त्यातलं काय कळतं? पोरगं शिकतंय, मास्तर शिकवतोय." हे बोलणे मी विहारात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत शंभरदा ऐकले आहे आणि दर वेळी मला ते पटलेले नाही. गणित समजावून देणे आपल्याला जमणार नाही, कबूल. पण अभ्यासाला जागा कोण देणार? ते काही मास्तरांच्या हातात नाही.

बाबासाहेबांची मॅट्रिकची परीक्षा आठवा. मुंबईला परळच्या चाळीत एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच संसाराचे सामान, त्यातच झोपणे. भीमरावांच्या उशाला जाते आणि पायाशी शेळी असे, असे वर्णन धनंजय कीर यांनी चरित्रात केले आहे. सुभेदार रामजींनी काय करावे? पोराला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि तेव्हा कुठे आपण पाठ टेकायची. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे शेकडा साडेसदतीस. तेव्हा ही परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. तो पेपर आणि आजचा पेपर एका काट्यावर घालू नये, हे मलाही समजते. पण शेजाऱ्याच्या मुलाचे नव्वद टक्के पाहून आपल्या पोरीला टोमणे मारणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाठ करावा. त्या यशाबद्दल सभा झाली, केळुसकर गुरुजींनी भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण जयंतीच्या भाषणात नेहमी सांगतो. रामजींच्या जागरणाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९९७ च्या मार्चमध्ये मी दहावीला गणितात नापास झालो. पुढे बी. कॉम. झालो आणि आज दिवसभर आकडेच मांडतो, हा भाग वेगळा! वडील मोंढ्यात हमाली करायचे, अक्षरओळख नव्हती. मी निकालाचा कागद लपवून ठेवला होता. त्यांनी जेवताना शांतपणे विचारले, "किती कमी पडले?" मी म्हणालो, "नऊ." ते म्हणाले, "मग नऊच आणायचेत ना? बाकीचे तर आणलेत." त्या दिवसापासून ते बाज घेऊन बाहेर गल्लीत झोपू लागले. पावसाळ्यात शेजारच्या पत्र्याखाली. दहा बाय बाराच्या खोलीतला एक कोपरा मला मोकळा झाला. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरात होत असे. पास झालो, पण वर्ष गेलेच.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही चार-पाच जण विहारात संध्याकाळी सात ते साडेनऊ दहावीच्या मुलांना बसवतो. मोठे काही नाही. सतरंज्या, चार ट्यूबलाइट, एक फळा. मोबाइल दारातल्या टोपलीत. विद्यापीठात शिकणारा एक मुलगा गणित घेतो आणि त्याच्या रात्रीच्या डब्याची पाळी वस्तीतल्या घरांनी वाटून घेतली आहे. पुस्तक फाटले असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते, तेवढ्यापुरता मोबाइल टोपलीतून बाहेर येतो. रमाई जयंतीचा लाउडस्पीकर आठला बंद करायचा, यावरून मंडळात मोठा वाद झाला. "जयंती एकदाच येते," असे एक जण तावातावाने म्हणाला. एक आजी उठून म्हणाल्या, "रमाईनं शेणाच्या गवऱ्या थापल्या त्या कोणाच्या शिक्षणासाठी?" लाउडस्पीकर आठला बंद झाला.

कॉपीबद्दल मला कडक बोलावे लागेल. केंद्राच्या भिंतीवर चढून भाच्याला चिठ्ठी पुरवणारा मामा आपल्यातही आहे. १९८२ च्या कायद्याने हा गुन्हा आहे, पण त्याहून वाईट म्हणजे त्या भाच्याला अकरावीत साधी बेरीजही येत नाही. तिथे मामाला भिंत सापडत नाही. आपण कोणत्या शहरात राहतो? बाबासाहेबांनी १९५० साली इथे कॉलेज सुरू केले आणि त्याला पुढे नाव दिले मिलिंद. राजा मिलिंद म्हणजे भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा माणूस. परिसराचे नाव नागसेनवन. "सर, समजले नाही" असे वर्गात उभे राहून म्हणणारी मुलगी मला त्या नावाची खरी वारसदार वाटते.

आता पेपराचे थोडे. भाषेला आणि समाजशास्त्राला, तसेच गणिताला, लेखी ८० आणि शाळेच्या हातातले २० गुण असतात. विज्ञानात ते २० प्रात्यक्षिकाचे. गणिताचे ४०-४० चे दोन पेपर. पास व्हायला ३५. हे २० गुण वर्षभर हजेरी, वह्या आणि प्रयोगातून मिळतात आणि आपली मुले नेमकी तिथेच मार खातात. कारण आई आजारी पडली, धाकट्याला सांभाळायचे आहे, की घरी कोणाला ठेवतो? मुलीलाच. अकराच्या पेपराला साडेदहाला केंद्रावर पोचावे. २०२३ पासून दहा मिनिटे जादा मिळतात, ती शेवटी, म्हणून पेपर टाकून लवकर उठू नये.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंची मुलगी २०२५ ला गणितात राहिली. २९ गुण. लेखीत २०, शाळेकडचे ९. निकाल १३ मेला लागला आणि तिसऱ्या दिवशी घरात ठरले की आता पुरे, चिकलठाण्याला पॅकिंगच्या कामाला लावू. आजीच्या डोक्यात तर स्थळ होते. सोळाव्या वर्षी! मी गेलो. वडील वाळूजला ठेकेदाराकडे, रात्रपाळी करून आलेले. म्हणाले, "भाऊ, नशिबात नाही तिच्या." मी म्हणालो, "दादा, सहा मार्क नशिबात नसतात, ते आणायचे असतात." आणि माझ्याच तोंडून माझा बाप बोलला, असे मला वाटले.

त्यांना माहीतच नव्हते की एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश मिळतो. वर्ष वाया जात नाही. पुरवणी परीक्षाही आता ऑक्टोबरात नाही, २०२५ ला ती जूनच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू झाली. अर्ज शाळेतून भरायचा असतो आणि मुदत निकालानंतर लगेच सुरू होते. आपली निम्मी पोरे तिथेच सुटतात, कारण आठ दिवस तर घरात रडण्यात जातात. गुण फारच कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, मग पुनर्मूल्यांकन. शाळाच सुटून गेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. यातले काही अडले तर विहारात या, फॉर्म आम्ही भरून देऊ.

त्या मुलीने महिनाभर विहारात गणित केले. वडिलांनी आपली दिवसाची झोप शेजारच्या खोलीत हलवली. शेजारी कुरकुरले, पण निभावून गेले. तिला एक्केचाळीस मिळाले.

गुणपत्रिका हातात आली तेव्हा ताई तडक माझ्याकडे आल्या. "भाऊ, लॅमिनेशन कुठं करून मिळंल?"

"करू नका," मी म्हणालो. "पुढं प्रवेशाला, नोकरीला हा कागद नेहमी लागतो. पाठीमागं शिक्का मारायची वेळ आली तर प्लास्टिकवर मारता येत नाही. पिशवीत घालून पेटीत ठेवा."

"पेटीत तिच्या बापाचा पीएफचा कागद हाये," त्या म्हणाल्या, "त्याच्यावरच ठेवते."