बुधवार पाण्याचा, गुरुवार लाकडाचा!

'पुढच्या आठवड्यात, गुरुवारी.' मी एकदम कॉन्फिडंटली सांगितलं आणि टीममध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मेल जपानीत होती. ती वाचून देणारा आमचा दुभाषी सहकारी सुट्टीवर होता. चार महिन्यांच्या क्लासच्या जोरावर अख्ख्या फ्लोअरवरची 'जपानी एक्स्पर्ट' मीच! मेल वाचली, वार सांगितला, कॅलेंडरवर टाकला आणि मस्त कॉफी प्यायला गेले.

बुधवारी सकाळी साडेसहाला क्लायंटची माणसं कॉलवर येऊन बसली होती. त्यांच्याकडे दहा वाजले होते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आमच्याकडून कुणीच नाही. मी हिंजवडीपासून पंधरा किलोमीटरवर, कोथरूडमध्ये, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली.

मेलमध्ये तारीख नव्हती, फक्त 'पुढच्या आठवड्यातला' अमुक वार. त्या वाराच्या आधीचं चित्राक्षर होतं पाण्याचं आणि मी वाचलं लाकडाचं. मध्ये एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना फराटे. बारीक फाँटमध्ये दोन्ही मला सारखीच दिसली. पाणी म्हणजे बुधवार, लाकूड म्हणजे गुरुवार. एका अक्षरात डेमो गेला!

मॅनेजरने माफीची मेल लिहिली. मला कुणी ओरडलं नाही, फक्त ऑनसाइटच्या यादीतलं माझं नाव हळूच खाली सरकलं. पण खरं टोचलं ते वेगळंच. क्लायंटच्या पुढच्या मेलमध्ये प्रत्येक जपानी वारापुढे कंसात इंग्रजी वार लिहिलेला होता. अगदी सौजन्याने. तो कंस माझ्यासाठी आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

त्या शनिवारी क्लासमध्ये सेन्सेईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू वार पाठ केलेस, ओळखीचे नाही केलेस."

तर मंडळी, आधी ओळख करून घेऊ. निचियोबी, गेत्सुयोबी, कायोबी, सुइयोबी, मोकुयोबी, किन्-योबी, दोयोबी. रविवार ते शनिवार. 'यो' जरा लांबवायचा. शुक्रवारचा 'किन्' आणि 'यो' सुटे म्हणायचे, 'किन्योबी' असं चिकटवायचं नाही. 'आज कोणता वार?' विचारायचं असेल, तर 'क्यो वा नान्-योबी देस् का?' शेपूट सगळ्यांना एकच, म्हणजे खरं पाठांतर फक्त पहिल्या अक्षराचं. सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, सोनं, माती.

मी घरी डायनिंग टेबलवर हे घोकत होते. आई गवार मोडत होती. तिने विचारलं, "मंगळवारला काय म्हणालीस?"

"का. म्हणजे अग्नी."

"आणि त्यांच्यात मंगळ ग्रहाला काय म्हणतात?"

शोधलं. 'कासेइ'. अग्नीचा तारा! मग मी बाकीचेही भराभर पाहिले. बुध म्हणजे पाण्याचा तारा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. आईने गवार बाजूला ठेवली. "अगं, मग हे आपलेच वार की! रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. क्रमसुद्धा तोच."

चार महिने क्लासची फी भरून जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आईने भाजी निवडता निवडता सांगितलं.

हा योगायोग नाही बरं का. ग्रहांवरून वार मोजायची पद्धत मूळची ग्रीक-रोमन जगातली. ती भारतात आली, इथल्या ज्योतिषात रुळली आणि बौद्ध भिक्षूंबरोबर पुढे निघाली. अमोघवज्र नावाच्या भिक्षूने 8व्या शतकात चीनमध्ये नक्षत्रं आणि सात ग्रहांवरचा एक ग्रंथ चिनी भाषेत आणला. 806 मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू तो घेऊन मायदेशी परतला. चिनी परंपरेत पाच ग्रहांना पाच तत्त्वांची नावं होती, म्हणून आपला मंगळ तिथे अग्नी झाला आणि बुध पाणी. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या फुजिवारा नो मिचिनागा या बड्या दरबाऱ्याच्या रोजनिशीतही हे वार सापडतात.

गंमत म्हणजे एवढं असूनही जपानी माणूस शतकानुशतकं वारावर जगत नव्हता. वार होते ते शुभ-अशुभ बघायला. 1 जानेवारी 1873 ला जपानने ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. तरी सरकारी सुट्ट्या 1 आणि 6 आकडा असलेल्या तारखांना होत्या. रविवारची पूर्ण आणि शनिवारची अर्धी सुट्टी सरकारी कचेऱ्यांत सुरू झाली ती एप्रिल 1876 पासून. म्हणजे ज्या वीकेंडसाठी आपण जीव टाकतो, तो तिथे दीडशे वर्षांचाच आहे!

इतिहास झाला, पण माझा प्रॉब्लेम होता बुध आणि गुरूचा. तोही सुटला अस्सल पुणेरी पद्धतीने. आमच्याकडे दुरुस्तीच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचं असलं, की तो दिवस बहुतेक वेळा गुरुवारच असतो. मग बुधवारी रात्री आई बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवते. बुधवार पाण्याचा! आणि गुरुवारी नळ लाकडासारखा कोरडा. संपला विषय. त्यानंतर मी सुइ आणि मोकुमध्ये एकदाही अडखळले नाही.

बाकीचे फंडेही घ्या, फुकट आहेत:

रविवार, निचि: सूर्य. रवी म्हणजेच सूर्य, काही करायला नको.

सोमवार, गेत्सु: चंद्र. सोम म्हणजे चंद्र. सकाळी ऑफिसला निघताना तोंडही तेवढंच फिकं असतं.

मंगळवार, का: अग्नी. मंगळ तांबडालाल.

शुक्रवार, किन्: सोनं. शुक्रवार लक्ष्मीचा, आई वैभवलक्ष्मीचं व्रत करते. शिवाय 'किन्'चं चित्राक्षर पैशासाठीही वापरतात.

शनिवार, दो: माती. सिंहगड चढून आल्यावर बुटांकडे बघा.

आणि बोनस: शनिवार-रविवार जोडीने म्हणजे 'दोनिची'. ऐंशीच्या दशकातल्या भरभराटीत शुक्रवारच्या संध्याकाळीला 'हानाकिन' म्हणायला लागले, म्हणजे फुलांचा शुक्रवार. शब्द आता थोडा जुनाट झालाय, पण शुक्रवारी सहाला लॅपटॉप मिटताना मी तो मनात म्हणतेच.

डिसेंबरात एन-फाइव्ह दिली, पास झाले. पण माझी खरी परीक्षा मेलची होती. त्या घोटाळ्यानंतर दर सोमवारी मी क्लायंटला आठवड्याचं वेळापत्रक जपानीत पाठवायला लागले. छोटंसं, चार ओळींचं. वार माझ्या हाताने टाइप केलेले, तारखेसकट. पाठवण्याआधी दोनदा वाचायचं, पाणी की लाकूड. सात-आठ महिने हेच.

मागच्या महिन्यात त्यांची मेल आली. पुढचा डेमो, पुढच्या आठवड्यात, बुधवारी. वारापुढे कंस नव्हता.

मी ती मेल कुणाला दाखवली नाही. कॅलेंडरवर बुधवार टाकला, पहाटे साडेपाचचा गजर लावला आणि आईला फोन केला. ती म्हणाली, "बुधवार ना? मग आंघोळीला पाणी असेल. जा आरामात."