शेवटचं बदक कधी दिसलं?

शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहार फुलून फळ धरू लागतो, तेव्हा मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा जलाशयाचं पाणी मागे सरकू लागलेलं असतं. चक्रवाक, तलवार बदक, पट्टकदंब हंस हे हिवाळी पाहुणे उत्तरेकडे निघतात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून जातो!

पाहुणा आला की आपण लगेच सांगतो. गेला ते मात्र कोणी टिपत नाही. म्हणून वसंतात ‘शेवटचं दर्शन’ मोलाचं. अशा तारखा वर्षानुवर्षं जमल्या, तरच स्थलांतर लवकर होतंय की उशिरा, ते कळतं.

नोंद सोपी आहे. तारीख, वेळ, ठिकाण, किती मिनिटं पाहिलं आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी, एवढं वहीत लिहा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा. तेवढी जागा थव्यात किती वेळा बसते ते पाहा. घरी आल्यावर यादी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. नेमानं जाऊनही पक्षी दिसला नाही, तर तीही नोंदच.

पाहुणे गेले तरी काठ रिकामा होत नाही. टिटवी उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात अंडी घालते. मातकट रंगावर काळे ठिपके; दोन पावलांवरूनही ती खडेच वाटतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, की समजा आपण घरट्याजवळ आहोत. फोटोचा मोह सोडा आणि आल्या पावली मागे फिरा.